बाळंतिणीची काळजी, सव्वा महिन्यात आणि त्यापुढे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील एका प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम करताना आणि नंतर ओळखीपाळखीतून येणाऱ्या फोनना उत्तरे देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते येथे एकत्र केले आहेत. हे प्रश्न बाळाचे नसून आईचे आहेत. बाळाचे वजन घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, आईचा रक्तदाब मात्र सहसा कोणी विचारत नाही. तुमच्या डॉक्टरांनी कार्डावर काही वेगळे लिहिले असेल, तर तेच प्रमाण मानावे.

१. आजी सव्वा महिना म्हणते आणि डॉक्टर सहा आठवडे म्हणतात. नेमके कोणाचे धरायचे?

दोन्ही हिशेबांत चार-पाच दिवसांचेच अंतर आहे आणि दोन्ही शरीर पाहूनच ठरलेले आहेत. प्रसूतीनंतर गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते आणि सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्या आत येते. पहिल्या दिवशी नाभीपाशी हाताला लागणारा त्याचा टणक गोळा रोज साधारण बोटभर खाली सरकतो आणि दहा-बारा दिवसांनी पोटावरून लागेनासा होतो. बाळ दूध ओढू लागले की ओटीपोटात कळ येते, ती याच आकुंचनाची असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात ती अधिक जाणवते. मात्र ४२ व्या दिवशी सगळे पूर्ववत होते असे समजू नये, कारण पोटाचे स्नायू, ओटीपोटाचा तळ, रक्तातील लोह आणि झोप यांना त्याहून बराच जास्त काळ लागतो.

२. अंगावरून किती दिवस जाते, आणि किती गेले म्हणजे जास्त समजायचे?

एकूण चार ते सहा आठवडे. पहिले तीन-चार दिवस स्राव लालभडक असतो, मग गुलाबी-तपकिरी होतो आणि दहाव्या दिवसाच्या पुढे पिवळसर-पांढरा होत जातो. सिझेरियन झालेल्या बाईलाही हा स्राव होतोच. ‘पोटातून बाळ काढले, मग खालून रक्त का?’ असे विचारणारे आजही भेटतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले. बराच वेळ पडून राहिल्यावर उठताना एकदम धार लागली तर घाबरू नये, ते साचलेले रक्त असते. फिकट झालेला स्राव घरकाम किंवा जिने चढल्यावर पुन्हा लाल झाला, तर श्रम जास्त झाले असे समजून त्या दिवशी आडवे व्हावे.

तासाभरात एक मोठे पॅड पूर्ण भिजणे, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडणे, स्रावाला घाण वास येणे, किंवा रक्त जाताना घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येणे हे जास्त, आणि तेव्हा प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे लगेच निघावे. रुग्णालयात आम्ही पॅड मोजतो, घरी ते कोणी मोजत नाही, कारण प्रत्येक वेळी टाकणारा हात वेगळा असतो. त्यासाठी एक साधी सवय सांगते: भिंतीवरच्या कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात पॅड बदलल्याची एकेक रेघ ओढावी. डॉक्टरांनी विचारल्यावर ‘बरेच गेले’ असे मोघम उत्तर देण्यापेक्षा त्या रेघा दाखवणे कितीतरी उपयोगाचे ठरते. या काळात योनीत ठेवायचे टॅम्पॉन किंवा कप वापरू नयेत.

३. कोणत्या लक्षणांना सकाळ होईपर्यंतही थांबू नये?

प्रश्न २ मधील जास्त रक्तस्राव, ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणे, झटका येणे, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, टाक्यांतून पू येणे, आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येणे. यांपैकी कोणत्याही एकासाठी रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे.

डोकेदुखीबद्दल थोडे अधिक लिहिते. सातव्या दिवशी आलेली एक बाळंतीण मला आठवते. दोन दिवस तिचे डोके दुखत होते, आणि घरच्यांना ते जागरणामुळे वाटत होते. भिंतीवरची ट्यूबलाइट दोन दिसते असे ती म्हणाली, तेव्हा नवऱ्याने तिला रिक्षात घातले. रक्तदाब १७०/११० भरला, आणि गरोदरपणात तो एकदाही वाढलेला नव्हता. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब सर्वांत वर जातो, आणि त्यातून झटके येण्याचा धोका सहा आठवड्यांपर्यंत राहतो. अपघात विभागात गेल्यावर पहिले वाक्य ‘हिची प्रसूती अमुक दिवसांपूर्वी झाली आहे’ हेच असावे. बाळ घरी ठेवून आलेली बाई बाळंतीण आहे हे तिच्याकडे पाहून कळत नाही.

४. घरी सोडल्यावर तपासणीला कितीदा जायचे? काही त्रास नसेल तरी?

त्रास नसेल तरी जावे. पहिल्या २४ तासांत, दोन ते तीन दिवसांत, सात ते चौदा दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिल्या दोन बहुधा रुग्णालयातच होतात, आणि तिसरी बुडते ती बाराव्या दिवसाच्या बारशाच्या गडबडीत. आशा किंवा आरोग्यसेविका बाळाला पाहायला घरी येतात, तेव्हा आईचा रक्तदाब मोजण्याचा आणि टाके पाहण्याचा आग्रह घरच्यांनी धरावा. गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल, तर पहिल्या आठवड्यातच तो पुन्हा मोजून घ्यावा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत दिले गेले की नाही, हे घरी निघण्यापूर्वीच कार्डावर पाहावे.

५. शेक-शेगडी आणि धुरी द्यावी का? सासूबाई म्हणतात, नाही घेतली तर पुढे कंबर धरते.

उबेला माझा विरोध नाही, निखाऱ्याला आहे. शेगडीची चाल मोठ्या, कौलारू, हवा खेळत्या घरांतली आहे. तीच शेगडी चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, मे महिन्यात, खिडकीला जुने लुगडे बांधून बाजेखाली ठेवली की जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो, आणि बाळंतिणीचे हिमोग्लोबिन अनेकदा आधीच कमी असते. डोके जड होणे, मळमळणे आणि झापड येणे ही त्याची लक्षणे ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून सहज खपून जातात.

सिझेरियन झालेल्या बाईला दुसराही धोका असतो. टाक्यांच्या आसपासची कातडी कित्येक महिने बधिर राहते, त्यामुळे चटका बसल्याचे तिला कळत नाही. कंबरेला शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावी आणि टाक्यांवर मुळीच ठेवू नये. ओवा-वावडिंगाची धुरी तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांसाठी धूरच असते, म्हणून ती बाळाच्या खोलीत करू नये.

६. पंखा, एसी लावायचा का? कानाला रुमाल बांधायचा का? केस कधी धुवायचे?

मुंबईच्या दमट हवेत पंखा अवश्य लावावा, आणि एसीही चालतो, फक्त झोत थेट अंगावर नसावा. घामाने भिजलेली बाळंतीण आणि घामोळ्यांनी रडणारे बाळ यांतून कोणाचेच भले होत नाही. रुमाल बांधल्याने बरे वाटत असेल तर बांधावा, उकडत असेल तर सोडावा. आंघोळ पहिल्या दिवसापासून करता येते, सिझेरियननंतर डॉक्टरांनी पट्टी काढल्यावर. केस धुण्याला वैद्यकीय मुहूर्त नाही.

७. पाणी कमी प्यायचे, फळे खायची नाहीत, भात वर्ज्य, असे सांगतात. यांतले किती खरे?

पाणी कमी पिण्यात काही फायदा नाही आणि तोटा मात्र निश्चित आहे: लघवीत जळजळ, बद्धकोष्ठ आणि त्यामुळे टाक्यांवर ताण. तहान लागेल तेवढे प्यावे आणि दर वेळी दूध पाजायला बसताना हाताशी पेला ठेवावा. पाणी गरमच हवे असे नाही. फळांमुळे दूध ‘थंड’ होत नाही आणि आंबट खाल्ल्याने टाके पिकत नाहीत, उलट लिंबू, आवळा आणि पेरू यांमुळे लोह अंगी लागते. वरणभात, तूप, लिंबू हे तर बाळंतिणीला सहज पचणारे जेवण आहे. एखाद्या पदार्थाने बाळाला खरोखरच त्रास होतो असे वाटल्यास तेवढाच दोन-तीन दिवस थांबवून पाहावा, सगळे ताट रिकामे करू नये.

८. डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू किती खावेत? आणि गोळ्या घेत असताना त्यांची गरज आहे का?

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. डिंक, खारीक, खोबरे, बदाम, खसखस, गूळ आणि तूप एकत्र वळणाऱ्या बायकांनी कॅलरी मोजल्या नव्हत्या, पण एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने खाता येईल असा यापेक्षा सोयीचा पदार्थ मला तरी माहीत नाही. दिवसाला एक-दोन पुरेत. त्याने जेवणाची जागा घेऊ नये, कारण लाडवात प्रथिने तुलनेने कमी असतात आणि डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, मासे यांची गरज कायम राहते. सुरमई-बांगडा खाणाऱ्या घरात बाळंतिणीलाच मासे बंद करायचे, हे मला कधीच पटलेले नाही.

लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी प्रसूतीनंतर १८० दिवस रोज घ्यायची असते, आणि कॅल्शियमची गोळीही सहा महिने. लाडू हा त्यांना पर्याय नाही. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, आणि गोळी घेतल्यावर लगेच चहा पिऊ नये.

गरोदरपणात मधुमेह निघाला असेल तर लाडवाचा आकार सुपारीएवढा ठेवावा आणि सहाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करून घ्यावी. प्रसूतीनंतर साखर उतरली म्हणून ही चाचणी चुकवू नये, कारण अशा आयांना काही वर्षांनी कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. दूध वाढवण्यासाठी किंवा ‘वात जाण्यासाठी’ म्हणून ओळखीतून आलेली भस्मे आणि नाव नसलेल्या पुड्या घेऊ नयेत.

९. मालिशवाल्या मावशींना कधीपासून बोलवावे?

साध्या प्रसूतीनंतर दोन-चार दिवसांनी, आईला हवे असल्यास. हात, पाय, पाठ, खांदे चालतील. सिझेरियननंतर पोटाला सहा आठवडे हात लावू देऊ नये आणि पोटरी सुजलेली असेल तर ती मुळीच चोळू नये, कारण आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते (प्रश्न ३ पाहा). पोटावर उभे राहून किंवा गुडघा देऊन ‘गर्भाशय बसवणे’ हा प्रकार करणाऱ्या मावशींना चहा देऊन निरोप द्यावा.

१०. पोट बांधले नाही तर सुटेल का?

सुती साडीचा पट्टा किंवा बाजारातला पट्टा उठता-बसताना आधार देतो, आणि सिझेरियननंतर खोकताना तर फारच. पोट आत जाते ते गर्भाशय लहान झाल्याने आणि स्नायूंना व्यायाम मिळाल्याने, पट्ट्याने नव्हे. श्वास अडेल एवढा घट्ट बांधल्यास सगळा दाब खाली ओटीपोटाच्या तळावर येतो आणि प्रश्न १३ मधील तक्रार वाढते. जेवताना आणि झोपताना तो सोडावा.

११. सिझेरियन झाले आहे आणि आम्ही बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. काय करावे?

पहिल्या दिवशी जिना चढावाच लागतो, तर प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवून, सावकाश, कठडा धरून चढावे. शेजाऱ्यांना आधी सांगितले तर खुर्च्या मिळतात, मुंबईच्या जुन्या इमारतींत अजून एवढी माणुसकी आहे. त्यानंतर तपासणीशिवाय खाली उतरण्याचे कारण ठेवू नये, पण घरात चालणे मात्र बंद करू नये. पडून राहिल्याने पायांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. सहा आठवडे बाळापेक्षा जड काहीही उचलू नये, आणि त्यात पाण्याची बादली, पाच किलोची पिठाची पिशवी आणि थोरले मूलही आले. थोरल्याला जवळ घ्यायचे तर आपण बसावे आणि त्याला मांडीवर येऊ द्यावे. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे आणि खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. टाके कोरडे ठेवावेत. हळद, पावडर, तेल काहीही लावू नये.

१२. खालचे टाके दुखतात आणि शौचाला जायची भीती वाटते.

ही भीती जवळजवळ प्रत्येकीला असते आणि टाके त्याने तुटत नाहीत. स्वच्छ टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे बसावे आणि जागा पुढून मागे स्वच्छ करून हलकेच टिपावी. लघवी करताना वरून कोमट पाण्याची धार सोडल्यास जळजळ कमी होते. पाणी, पालेभाज्या, भिजवलेल्या काळ्या मनुका आणि गरज पडल्यास इसबगोल यांनी शौचास मऊ होते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अंगावर पाजतानाही घेता येतात, पोटात अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा आजार किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

१३. शिंकले की लघवी होते. हे आता कायमचे का?

बहुतेकींचे काही आठवड्यांत सुधारते, व्यायामाने लवकर. लघवी अडवताना जे स्नायू आवळले जातात ते पाच-सहा सेकंद आवळून तेवढाच वेळ सैल सोडावेत, एका वेळी दहा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये. तीन महिन्यांनंतरही त्रास राहिला तर ‘बाईच्या जन्माला हे असतेच’ हे ऐकून न घेता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

१४. मला सारखे रडू येते. बाळ निरोगी आहे, घरचे चांगले आहेत, मग मी कृतघ्न आहे का?

नाही. प्रसूतीनंतर संप्रेरके एकदम उतरतात, दूध उतरते, झोप तुटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुष्कळ आया कारणाशिवाय रडतात. हे दोन आठवड्यांच्या आत ओसरते आणि त्याला औषध लागत नाही, सोबत लागते. दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहिले, बाळ झोपले असतानाही झोप येईनाशी झाली, बाळाकडे पाहून काही वाटेनासे झाले किंवा ‘मी गेले तर सगळ्यांचे बरे होईल’ असे वाटू लागले, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत, आणि अंगावर पाजताना घेता येतील अशी औषधेही आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

घरच्यांसाठी: ‘आता कशाला रडतेस, दुधावर परिणाम होईल’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे, आणि ते ऐकून रडणे थांबलेली एकही बाळंतीण मी पाहिलेली नाही. रडणे फक्त न्हाणीघरात हलवले जाते.

ती असंबद्ध बोलू लागली, न झोपताही विलक्षण उत्साही दिसू लागली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली किंवा इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू लागली, तर ही तातडीची स्थिती आहे. तिला आणि बाळाला एकटे सोडू नये, आणि बाहेरचे बघणाऱ्याकडे न नेता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

१५. सासर-माहेर दोन्ही गावी. मी आणि नवरा दोघेच आहोत. बाळंतपण कसे निभावायचे?

बाळंतिणीला सलग चार तासांची झोप मिळेल अशी व्यवस्था हा पहिला खर्च समजावा. स्वयंपाकाच्या बाईंना दोन महिने बांधून घ्यावे आणि पाळण्यावरचा खर्च त्यासाठी कमी करावा. दूध पाजणे सोडून बाकी सगळे नवऱ्याला येते: लंगोट, ढेकर काढणे, आंघोळ, रात्री बाळ उचलून आणून देणे आणि पाजून झाल्यावर परत निजवणे. पाहुण्यांना तारीख आणि वेळ द्यावी. जुन्या पद्धतीत दहा दिवसांच्या सोयराचे कारण बाईला लोकांपासून दूर ठेवणारे असले तरी त्या निमित्ताने तिला पाठ टेकायला मिळे. तो शब्द गेला ते ठीक झाले, विश्रांती जायला नको होती.

१६. अंगावर पाजते आहे, पाळीही आलेली नाही. मग दिवस राहणार नाहीत ना?

बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असणे, पाळी न येणे आणि बाळाला रात्रंदिवस केवळ आईचे दूध असणे या तिन्ही अटी एकत्र पाळल्या तरच हा भरवसा सुमारे ९८ टक्के असतो. वरचे दूध सुरू झाले की तो जातो, आणि पाळी येण्यापूर्वीच बीज तयार होत असल्याने ‘पाळी आल्यावर बघू’ हा बेत फसतो. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते, तर सरकारी केंद्रांतील अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनी घेता येते. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या सहा महिन्यांपर्यंत टाळाव्यात. पुढच्या गर्भधारणेत किमान दोन वर्षांचे अंतर असावे. शरीरसंबंधांना स्राव थांबल्यावर, टाके भरल्यावर आणि आईची इच्छा असल्यावर हरकत नाही, आणि यातली तिसरी अट पहिल्या दोघींइतकीच महत्त्वाची आहे.

१७. रजा किती मिळते?

गेल्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, आणि आधीच दोन अपत्ये असल्यास १२ आठवडे. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे मालकाला तिच्याकडून काम करून घेता येत नाही. परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा दूध पाजण्याची सुट्टी असते. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातले व्यवहारात काहीच मिळत नाही. ती बाळंत झाली तर तिची रजा आणि पगार आपणच ठरवायचा असतो, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना लागू आहे.

१८. बाळ काचेच्या पेटीत आहे आणि मला घरी सोडले. माझ्या काळजीचे काय?

सगळे लक्ष बाळाकडे असल्याने याच आया सर्वांत दुर्लक्षित राहतात. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसू नये, पाय वर घ्यायला जागा मागावी, डबा आणि गोळ्या सोबत ठेवाव्यात. दूध टिकवायचे तर दिवसरात्र मिळून आठेक वेळा ते काढावे लागते, त्यातले एकदा रात्री. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झालेली मातृदुग्धपेढी (आईच्या दुधाची बँक) आशियातील पहिली मानली जाते. अशा पेढीतील परिचारिका दूध कसे काढावे आणि साठवावे हे शिकवतात.

१९. बाळ राहिले नाही. मला दूध येत आहे. घरात कोणी काही बोलत नाही.

दूध दोन ते चार दिवसांत येतेच, बाळ असो वा नसो. घट्ट बांधू नये, त्याने गाठी होतात. नेमका आधार देणारी चोळी घालावी, थंड पाण्याची घडी ठेवावी, आणि दडस वाटले तर आराम पडेल इतकेच थोडे काढावे. एक-दोन आठवड्यांत ते आटते. लवकर थांबवायचे असल्यास औषध असते, पण रक्तदाब वाढलेला असेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे. स्राव, टाके, ताप आणि रक्तदाब यांबद्दल वर लिहिलेले सगळे तुम्हालाही तसेच लागू आहे, आणि विश्रांतीही. मृत जन्मलेले बाळ कायद्याने अपत्यच धरले जाते, त्यामुळे प्रसूतीची रजा बुडत नाही. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची रजा आहे. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला बाह्यरुग्ण विभागात बाळे घेऊन बसलेल्या बायकांच्या रांगेत बसणे नको असेल, तर आदल्या दिवशी फोन करून शेवटची वेळ मागून घ्यावी आणि कारण सांगावे. मी काम करत होते तिथे आम्ही अशी वेळ देत असू.